बर्नर कोणी पेटवायचा?

मला फसवलं ते परदेशातल्या एका कोशर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं. मी पेटवलेल्या आगीवर शिजलेल्या अन्नावर त्यांनी अकरा महिने स्वतःचा शिक्का मारला, आणि बाराव्या महिन्यात पत्र पाठवलं की ही आग ज्यू माणसानं पेटवलेली धरता येणार नाही. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, कारण संपादकांनी हात जोडून तशी विनंती केली आहे. माझ्यावर सोडलं असतं तर ठळक अक्षरांत छापलं असतं.

मी अलिबागजवळच्या एका खेड्यातला बेने इस्रायली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेला, घरीदारी मराठी बोलणारा ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार हा आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं. शनिवारी कोणी तेल मागायला येत नसे. आमची ओळख गावाला तेवढ्यावर पुरत होती. कागद कोणी मागितला नाही.

बारावी नापास होऊन तेविसाव्या वर्षी दुबईत आलो, तो स्टोअरकीपर म्हणून. आज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका मोठ्या केटरिंग किचनचा परचेस मॅनेजर आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते सांगत बसत नाही. कांदा, तेल, तांदूळ आणि भांडण, एवढंच झालं. मालक कासमभाई रत्नागिरीचे. मुलाखतीतच मी त्यांना सांगितलं होतं, "शनिवारी मी येणार नाही. त्याबदली तुमच्या दोन्ही ईदला स्टोअर सांभाळीन."

कासमभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रायगडचा ना तू? शनवारतेली?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना. शनिवार तुझा, ईद माझी. खलास."

असा माझा करार झाला. आजतागायत त्याला कागद नाही आणि तो दोघांपैकी कोणी मोडलेला नाही. बाकीचा स्टाफ मला ख्रिश्चन समजत असे. सॅमसन नाव ऐकल्यावर माणसं पुढे विचारतच नाहीत. आमचा मंगळुरी शेफ दर नाताळाला माझ्यासाठी केक आणायचा. मी पहिल्या वर्षी समजावून सांगितलं, दुसऱ्या वर्षी केक घेतला.

मग इथे आणि इस्रायलमध्ये येणं-जाणं सुरू झालं, आणि हॉटेलांना अचानक कोशर जेवण हवं झालं. कासमभाईंना एका मोठ्या हॉटेलचं काम मिळत होतं, अट एकच, शिक्का पाहिजे. शिक्का द्यायला त्या संस्थेनं रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, पाठवला. आपल्याकडे रब्बी म्हटलं की गहू आणि हरभरा आठवतो, कासमभाई पहिले दोन दिवस "तो खरीपवाला आला का?" असं विचारायचे. रब्बींचं नाव झेलिग. पस्तिशीचा माणूस, तांबूस दाढी, सोबत एक सुटकेस भरून डबाबंद मासे आणि बिस्किटं. आमच्याकडे पाणी सोडून त्यांनी काही घेतलं नाही.

कोशर म्हणजे ज्यू धर्माप्रमाणे खायला चालणारं, ते काय ते थोडक्यात सांगतो, कारण हे मला लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. काही प्राणी चालतात, काही चालत नाहीत. माशाला पर आणि खवले हवेत, म्हणून कोळंबी, खेकडे बाद. मांस आणि दूध एकत्र नाही. त्यांची भांडीसुद्धा वेगळी. अंड्यात रक्ताचा ठिपका नको, पाल्यात किडा नको. जैन स्वयंपाकघर सांभाळलेल्या माणसाला यातलं काही अवघड नाही. आणखी एक नियम आहे, आणि माझी सगळी गोष्ट त्याच नियमाची आहे. शिजवलेल्या अन्नात ज्यू माणसाचा हात हवा. झेलिग यांच्या पद्धतीप्रमाणे त्यानं निदान आग पेटवायला हवी. पुढे डाळ केरळच्या माणसानं ढवळली आणि नेपाळच्या माणसानं वाढली, तरी चालतं.

"त्यासाठी आमचा एक माणूस इथे राहील," झेलिग म्हणाले. "त्याचा पगार, फ्लॅट, तिकिटं. महिन्याला साधारण बारा हजार दिरहम."

"पावणेतीन लाख रुपये!" कासमभाई खुर्चीतून उठले. "नुसता गॅस पेटवायला?"

मग त्यांना एकदम आठवलं. माझ्याकडे बोट करून ते हिंदीत ओरडले, "ये है ना आपका आदमी! घर का है!"

झेलिग चकित झाले. त्यांनी मला प्रार्थना म्हणायला सांगितली, मी म्हटली. शनिवारी काय करता, घरी दिवे कोण लावतं, हे विचारलं, ते सांगितलं. मग त्यांनी शंका काढली. समुद्रकाठचा माणूस, कोळंबी खरंच खात नाही?

मी तोंड उघडायच्या आत कासमभाईच साक्षीला उभे राहिले. "माझ्या मुलीच्या निकाहला यानं माझी कोळंबीची बिर्याणी सोडून पांढरा भात आणि डाळ खाल्ली. माझ्या बायकोनं आठ दिवस तोंड पाडलं होतं. याच्याहून पक्का ज्यू तुम्हाला मिळणार नाही."

झेलिग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यांनी मला देखरेख करणारा नेमलं. त्या महिन्यात ते अल मनखूलच्या आमच्या घरीही आले. आम्ही एलिया नबीच्या नावानं मलिदा करतो: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, खजूर, वर फळं. त्यांनी दोनदा मागून घेतला. माझ्या बायकोला, हन्नाला म्हणाले, "तुम्ही लोकांनी हे सगळं एवढी वर्षं एकट्यानं सांभाळलंत."

आम्हाला ते खूप लागलं, म्हणजे चांगल्या अर्थानं. हन्नानं डबाही भरून दिला.

मग अकरा महिने मी रोज सकाळी साडेपाचला पोचायचो. कोशर विभागाची किल्ली फक्त माझ्याकडे. आत जायचं, लायटर घ्यायचा, सात बर्नर पेटवायचे. मग अंडी, एकेक काचेच्या पेल्यात फोडून उजेडाला धरायची. मग पाला. पाल्यासाठी मी अल अवीरच्या भाजीबाजारातल्या एका पठाणाशी दोन आठवडे भांडलो. मला स्वच्छ कोथिंबीर हवी होती, आणि तो किडक्या कोथिंबिरीलाही तोच भाव लावत होता.

"यात किडे आहेत," मी म्हणालो.

"किड्यांचे पैसे मी लावतच नाही, हबीबी."

त्याच्यापुढे हरलो असतो तर चाललं असतं, पण झेलिग यांच्यापुढे हरून चालणार नव्हतं. त्यांना फ्लॉवर बाद करायचा होता. तो मी सोडला, कारण त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी कढीपत्ताही बाद केला. पानं बारीक, एकेक तपासणार कोण, असं म्हणणं. मी कांद्याच्या गोणीवर पाव दिरहम सोडत नाही, कढीपत्ता सोडणार? तीन दिवस घासाघीस केली. शेवटी मार्ग काढला. पानं धुऊन मलमलच्या फडक्यात घट्ट बांधायची, पोटली गरम तेलात सोडायची, वास उतरला की पोटली बाहेर. अन्नात एकही पान जात नाही. झेलिग यांनी फोडणीवर वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हे लिहून द्या."

मी लिहून दिलं. हिंगात पीठ कोणतं असतं, गुळात काय मिसळतात, नारळाच्या दुधाच्या डब्यात गाईच्या दुधाची पावडर कशी लपलेली असते, आपल्या स्वयंपाकातल्या सगळ्या वस्तूंची यादी चौतीस पानांत लिहून दिली. माझ्या मुलीनं टाइप केली. आज ती यादी त्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत आहे, पोटलीसकट. त्यात माझं नाव शोधू नका.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एका पर्यटकानं सीलबंद ट्रे परत पाठवला, कारण सील फारच व्यवस्थित होतं, त्याला संशय आला. शारजाच्या एका दुकानदाराला आमचा चिवडा हवा होता, पण पाकिटावरचा कोशर शिक्का नको होता. बातम्या पाहून त्याच्या गिऱ्हाइकांनी त्या शिक्क्यावर बहिष्कार घातला होता. कासमभाईंनी त्याला सांगितलं, "चिवडा माझा, हलालचा शिक्का माझा, कोशरचा शिक्का पण माझाच. तीन मिळून घे, नाहीतर फरसाण खा."

पण सगळ्यात नमुनेदार एझ्रासाहेब. जुमेरा लेक टॉवर्समध्ये हिऱ्यांचं ऑफिस, वय पंच्याहत्तरच्या पुढे, घराणं मूळचं बगदादचं, बालपण भायखळ्यात. दर आठवड्याला ऑफिससाठी ट्रे मागवायचे आणि खाऊन झाल्यावर स्वतः फोन करायचे, मुंबईच्या मराठीत. "सॅमसन, डाळीत मीठ नाही. मिठाचा संप आहे काय रे तुमच्याकडे?" दुसऱ्या वेळी मीठ वाढवलं की, "मला मारायचा विचार आहे का?"

बाराव्या महिन्यात पत्र आलं. कासमभाईंनी केबिनमध्ये बोलावून ते माझ्यासमोर सरकवलं. संस्थेच्या समितीनं विचार केला आहे. स्थानिक देखरेख करणाऱ्याच्या समाजाच्या वंशाबद्दल काही प्रश्न पूर्वीपासून आहेत. चार पिढ्यांचे विवाहकरार आणि मान्यताप्राप्त रब्बींचं पत्र आल्याशिवाय त्याची आग ज्यू माणसाची धरता येणार नाही. खाली दोन सह्या. दुसरी झेलिग यांची.

पत्र वाचून मला माझी आत्या आठवली. फार वर्षांपूर्वी ती इस्रायलला गेली, तिथे तिचं लग्न ठरलं आणि नोंदणी करणाऱ्यानं तिच्याकडे हेच कागद मागितले. गावात ज्यू म्हणून वाढलेली बाई तिथे ज्यू असल्याचं सिद्ध करत बसली. तो प्रश्न केव्हाच मिटला, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

"कागद दे ना त्यांना," कासमभाई म्हणाले. "असतील ना गावाला?"

"आहेत. आजीचा विवाहकरार पेटीत आहे."

"मग काय जातंय तुझं?"

"तुमच्याकडे कोणी मुसलमान असल्याचा दाखला मागितला तर?"

"रोज मागतात. भिंतीवर हलालचं सर्टिफिकेट लावलंय ते काय आहे?"

"ते कोंबडीचं आहे, कासमभाई. तुमचं नाही."

कासमभाईंनी चहा मागवला. त्यांना पटलं की ते चहा मागवतात.

मी समितीच्या प्रमुखांना फोन लावला. सुरुवात शांतपणे केली, असं मला वाटतं. हन्ना म्हणते की आवाज जिन्यात ऐकू येत होता. मी एकच विचारलं. "माझी आग ज्यू माणसाची नसेल, तर अकरा महिने तुम्ही लोकांना काय खाऊ घातलंत?"

ते म्हणाले, "झालेलं अन्न चालेल. पुढचं चालणार नाही."

"एकच हात, एकच लायटर. काल चालला, उद्या का नाही?"

"नियमात तशी सोय आहे."

"सोय कोणाची? तुमची की माझी?" मग मी म्हणालो, "दाखला देतो. आधी तुमच्या चार पिढ्यांचे कागद मला पाठवा. मीही तपासतो." फोन बंद झाला. मुलगी समोर बसली होती. म्हणाली, "बाबा, दॅट वॉज ऑसम. बट नाऊ यू आर फायर्ड, राइट?"

काढलं नाही. यादी, अंडी, पाला माझ्याकडेच ठेवला. त्यांना माझे डोळे चालत होते, फक्त हात चालत नव्हता. आगीसाठी त्यांनी एक यंत्र पाठवलं. बर्नरशेजारी एक विजेची तार बसवली, ती मोबाइलवरून तापते आणि गॅस पेटतो. रोज सकाळी परदेशात बसलेला त्यांचा एक माणूस फोनवर बोट लावायचा आणि आमच्याकडे बर्नर पेटायचे. मी तिथेच दोन फुटांवर उभा. त्याचं हजारो मैलांवरचं बोट ज्यू, माझा अंगठा नाही. मंगळुरी शेफ म्हणाला, "सर, इसका बटन तो मेरा बेटा भी दबाएगा." मी म्हणालो, "तुझ्या मुलाचे कागद आहेत का?"

मग एका सकाळी अकरा वाजता बिर्याणीचे बर्नर पेटले नाहीत. हॉटेलात दुपारी एझ्रासाहेबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण होतं, नव्वद पानं. इंटरनेट चालू, तार शाबूत, पण परदेशातला तो गृहस्थ फोन बंद करून प्रार्थनेला गेलेला. झेलिग फोन उचलत नव्हते. तांदूळ भिजलेले, मसाला वाटलेला, कोंबडी मुरलेली, आणि पंधरा माणसं माझ्या खिशाकडे बघतायत. खिशात लायटर होता. सवयीनं ठेवायचो.

"सॅमसन, यल्ला, पेटव," कासमभाई म्हणाले. "नंतरचं मी बघतो."

"मी पेटवलं तर ते अन्न कोशर नाही, असं त्यांनी लिहून दिलंय."

"अरे पण तुला माहीत आहे ना तू कोण आहेस?"

"मला माहीत आहे. शिक्का त्यांचा आहे. पाहुणे शिक्का बघून खातात."

मी हात बांधून उभा राहिलो. ते तत्त्वासाठी होतं, हे खरं. रागासाठीही होतं, हेही खरं. दोघांचं प्रमाण किती ते मला आजही सांगता येत नाही. त्या गृहस्थाचं बोट लागेपर्यंत दोन तास गेले. बिर्याणी संध्याकाळी चार वाजता पोचली, आणि पन्नास वर्षांच्या संसाराच्या जेवणाला लोकांनी कलिंगड आणि कच्ची काकडी खाल्ली. एझ्रासाहेबांच्या बायकोनं कोणाला काही म्हटलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

एझ्रासाहेब मात्र दुसऱ्या दिवशी काठी टेकत थेट किचनमध्ये आले. "कलिंगड! माझ्या व्याह्यांना मी कलिंगड वाढलं! काय झालं ते सांग, खोटं बोलू नको."

मी पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे काल तू इथेच होतास? लायटर खिशात?"

"हो."

"आणि पेटवला नाहीस?"

"नाही."

"गाढव आहेस," ते म्हणाले. मग पत्र परत देत म्हणाले, "मीही पेटवला नसता. आम्ही मुंबईत असताना आमच्या बगदादवाल्यांतले काही लोक तुम्हा लोकांच्या सिनगॉगमध्ये प्रार्थनेला जायला नाक मुरडायचे. मी लहान होतो, पण बघितलंय. आता माझ्या म्हातारपणी परत तेच चालू देणार नाही."

त्यांनी ऑफिसात परत जाऊन ओळखीच्या सगळ्यांना कळवलं, की सॅमसनची आग मान्य होईपर्यंत त्या शिक्क्याचं काही घ्यायचं नाही. बगदादची, येमेनची, मोरोक्कोची घराणी आधी आली. कागद मागितले जाण्याचा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात होता. आमची बेने इस्रायली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरंही सामील झाली. मी घरी येऊन जोरात जाहीर केलं, "आजपासून आपणही त्यांचं काही विकत घ्यायचं नाही."

हन्ना म्हणाली, "अहो, आपण कधी घेतलं होतं? तो ट्रे केवढ्याला आहे!"

काही जण विरोधातही होते. परक्या देशात आपली भांडणं उघड्यावर कशाला, असं म्हणणारे. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण आठवडाभरातच टॉवरांतली ऑफिसं उकडलेल्या अंड्यांवर आली. एझ्रासाहेब रोज फोन करायचे. "सॅमसन, आज चौथा दिवस अंड्यांचा. मी तुझ्यासाठी कोंबडी झालोय."

बहिष्काराचं एक आहे, तो ज्याच्यावर घालावा त्याला उशिरा लागतो आणि मधल्याला आधी. संस्थेला काही झालं नाही. कासमभाईंचे ट्रे निम्म्यावर आले. कोशर विभागातल्या दोघांना दुसऱ्या शिफ्टला हलवावं लागलं. मी केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "मी राजीनामा देतो. दुसरा ज्यू आणा, गडबड मिटेल."

"बस खाली," कासमभाई म्हणाले. "मी तुला शनिवार दिला तेव्हा तुझी कुंडली बघितली होती काय? यांचाच शिक्का पाहिजे, असं हॉटेल म्हणत नाही. कोणाचा तरी पाहिजे म्हणतंय. तू परचेस मॅनेजर ना? मग शिक्क्याचं कोटेशन माग."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आयुष्यभर तीन कोटेशनांशिवाय मी मिरची घेतली नाही, आणि शिक्का एकाच दुकानातून घेऊन बसलो होतो. एझ्रासाहेबांनी नावं सुचवली, मी चार ठिकाणी लिहिलं. त्यातल्या एका संस्थेचे म्हातारे रब्बी स्वतः आले. त्यांनी किचन पाहिलं, अंडी पाहिली, पोटली पाहिली. मग मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "शब्बाथ पाळतोस?"

"जन्मापासून."

"मग मला काय विचारतोस? उशीर होतोय, पेटव."

मी सातही बर्नर पेटवले. कासमभाईंनी सगळ्यांना चहा मागवला. शेफनं नाताळ नसताना केक आणला, आणि ती मोबाइलवरची तार काढून पार्सल करायचं काम मी मोठ्या आनंदानं स्वतः केलं. पुढच्याच आठवड्यात फोन आला, "सॅमसन, डाळीत मीठ नाही," तेव्हा बरं वाटलं.

इथे लेख संपवून सगळं गोड झालं म्हणता आलं असतं. हन्नाचं तेच म्हणणं आहे. पण ते पत्र अजून तसंच आहे. त्या संस्थेच्या फाइलमध्ये आम्ही आजही संशयित आहोत. उद्या आमच्यातला दुसरा कोणी दुसऱ्या शहरात लायटर हातात घेईल, तेव्हा तीच फाइल उघडेल. झेलिग यांनी मध्ये मला फोनवर मेसेज पाठवला: तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक आहे, माझा नाइलाज होता. मी उत्तर दिलं नाही. आता इथे देतो.

झेलिगसाहेब, एकट्याच्या फोनवर चोरून कळवल्यानं भागणार नाही. सही समितीच्या लेटरहेडवर केलीत, उत्तरही त्याच लेटरहेडवर द्या, प्रमुखांच्या सहीसकट. मी ज्यू असेन, तर पत्र मागे घ्या आणि माझ्या समाजाची माफी मागा. मी ज्यू नसेन, तर माझ्या आगीवरचं जेवण अकरा महिने ज्यांना तुमच्या शिक्क्यावर खाऊ घातलंत, त्यांच्यातल्या एकेकाच्या दारात जाऊन तसं सांगा. दोन्हींपैकी एक खरं आहे. कोणतं, ते लिहून द्या.